उधाणाची यादी

ट्रेलरच्या पोटाखाली आडवं पडलं की ठाणं ऐकू येत नसे. वागळे इस्टेटमधल्या आमच्या शेडबाहेर दिवसभर टेंपोंची ये-जा, हातगाड्यांचा खडखडाट आणि शिफ्ट सुटल्याचे भोंगे चालू असायचे. पण पाठीखाली पोतं टाकून मी गाडीखाली सरकलो की ते सगळं दुसऱ्याच कुठल्या गावात चाललंय असं वाटायचं. वर ग्रीसने काळी झालेली चासी, तिच्या कडेकडेने गेलेल्या वायरी आणि माझ्या हातात टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे मोठं यंत्र नव्हे. होल्डरमध्ये एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक चासीला लावायची, दुसरी संशय असेल त्या वायरीला. बल्ब लागला तर इथपर्यंत करंट आला, नाही लागला तर आणखी मागे जा. मी तेव्हा पंचविशीत होतो, आणि जगातला कुठलाही दोष असा मागे मागे गेलं की सापडतोच, अशी माझी पक्की समजूत होती.

नव्वद साल उजाडायला अजून दोन-तीन वर्षं होती. शेड एका वाहतूक कंपनीची. कंपनीकडे बारा-चौदा ट्रेलर, आणि त्या सगळ्यांच्या दिव्यांचा मालक मी. पुढचे, मागचे, ब्रेकचे, वळायचे, नंबर प्लेटवरचा चिमुकला पिवळा, सगळे. आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन मी तिथे लागलो तेव्हा आमच्या कोळीवाड्यातून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कामाला जाणारा मी पहिला नसेन, पण आमच्या घरातला पहिलाच होतो. याचा मला गर्व होता. तो मी लपवायचो नाही, हीही गोष्ट कबूल करून टाकतो.

आमचं घर ठाण्याच्या खाडीकाठी. बापजाद्यांचा धंदा मासेमारीचा. पण माझ्या लहानपणी खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलं आणि जाळ्यात येईल त्याला रॉकेलचा वास मारू लागला. बाबांनी आधी जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली, मग होडी विकली. होडी विकली तरी त्यांनी एक सवय सोडली नव्हती. सकाळी चहा पिताना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहायचं, त्या दिवशीची तिथी बघायची आणि भरतीची वेळ मोठ्याने सांगायची. त्यांचा हिशेब सोपा होता. तिथीचा जो आकडा असेल त्याचे पाऊणपट तास करायचे आणि वर आपल्या खाडीचा म्हणून पाऊण तास टाकायचा. चतुर्थी असली तर चाराचे झाले तीन, वर पाऊण तास. "आज पावनेचारला पानी भरंल," असं ते जाहीर करायचे आणि मग बशीतला चहा प्यायचे.

"कोनाला सांगतंस, बाबा?" मी शर्टाची बटणं लावत चिडून विचारायचो. "होरी तर इकली."

ते बशीतला उरलेला चहा पिऊन टाकायचे. आता आठवलं की त्या प्रश्नाची मला लाज वाटते. पण तेव्हा मला बसची घाई असायची आणि तिथी, भरती, ओहोटी या गोष्टी मी घरीच ठेवून जायचो. माझ्याकडे टेस्ट लॅम्प होता.

आता ज्या गाडीची ही गोष्ट आहे ती सांगतो. ती होती लो-बेड, म्हणजे अवजड यंत्रं वाहून न्यायचा बुटका ट्रेलर. त्याचा पाट जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. त्यावर भलेमोठे ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, प्रेस अशी धुडं चढवून संध्याकाळी निघायचं आणि रात्रभर हळूहळू चालायचं, असं त्याचं काम. त्याचा ड्रायव्हर सातारा भागातला, पन्नाशीचा माणूस. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. बायको आणि दोन मुलींना घेऊन तो ठाकुर्लीला पॉवरहाऊसच्या मागे एका खोलीत राहायचा. मला तो नावाने कधी हाक मारायचा नाही. वायरमन म्हणायचा, आणि त्यात थोडी थट्टा असायची.

मामाची एकच खोड होती. निघण्याआधी तो गाडीभोवती फिरून प्रत्येक दिवा बघायचा आणि मागचा एक जरी लागला नाही तरी चाक हलवायचा नाही. बाकीचे ड्रायव्हर मागे लाल फडकं बांधून खुशाल निघायचे. "म्होरचं मला दिसतंय रं," तो म्हणायचा, "पर मागनं येणाऱ्याला मी दिसाय पाहिजे का नको?" त्याच्या तरुणपणी रस्त्यात बंद पडलेल्या एका अंधाऱ्या ट्रकवर त्याच्या धाकट्या भावाची मोटारसायकल आदळली होती. हे त्याने मला एकदाच सांगितलं होतं, तेही फडक्याने काच पुसता पुसता.

लो-बेड शेडमध्ये मावत नसे. तो खाडीपलीकडे कळव्याच्या बाजूला कंपनीच्या यार्डात उभा राहायचा. ते यार्ड म्हणजे भराव घातलेली जमीन. पुढच्या जागा नेहमी भरलेल्या, म्हणून मामाला गाडी कुठे लावावी कळेना. माघ महिन्यात मी तिथे त्याच गाडीचं काम करायला गेलो होतो. मागच्या वायरींचा एक सांधा नव्याने केला, काळी टेप गुंडाळली आणि हात पुसत यार्डाच्या पार टोकाला गेलो. तिथे करंजाचं एक झाड होतं आणि खाडीवरून थंड वारा येत होता. मी मामाला म्हटलं, "इथे लावा की. मागचा भाग खाडीकडे करा आणि केबिन सावलीत घ्या. दुपारी झकास झोप लागेल." मामाला जागा आवडली. त्या दिवसापासून लो-बेड तिथेच उभा राहू लागला, आणि खाडीकाठचा माणूस म्हणून वाऱ्याची जागा मला बरोबर कळते, असं मी दोन-चार जणांना सांगितलंही.

पहिली तक्रार पाडव्याच्या आदल्या दिवशी आली. संध्याकाळी माल चढला, मामाने दिवे लावले आणि मागचे लागेनात. लागले तेही भलतेच. ब्रेक दाबला की वळायचा दिवा मिणमिणायचा आणि वळायचा दिवा लावला की मागचे सगळेच एकदम धुगधुगायचे. मग तेही गेले. मामा निघाला नाही. माल दुसऱ्या गाडीवर चढवावा लागला.

सकाळी मी निरोप पाठवला की गाडी शेडसमोर आणा. आणली. मी खाली शिरलो, टेस्ट लॅम्प लावला, एकेक दिवा बघितला. सगळे लख्ख. मामा कपाळाला हात लावून उभा.

"काल न्हवते रं लागत," तो म्हणाला. "आईची आण."

"मामा, विजेचं असं नसतं," मी म्हटलं. "एक तर असतं, नाही तर नसतं." आणि तक्रारवहीत लिहिलं, 'तपासले. दिवे ओके.' खाली झोकदार सही केली.

आमचे साहेब डोंबिवलीहून यायचे. शिकलेला, वक्तशीर, कोणाचं वाईट न चिंतणारा माणूस. पण कागदावर जे लिहिलेलं असेल ते खरं, यावर त्यांचा विश्वास होता. वही वाचून ते हसले. "काल अमावस्या होती," ते म्हणाले. "पाळत असणार. हे लोक सांगत नाहीत, पण अमावस्येला गाडी काढायला नको असते." मीही हसलो. मामाला हे कोणीतरी सांगितलं असावं, कारण दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

दोन आठवड्यांनी दुसरी तक्रार आली. तेच दिवे, तेच मिणमिणणं, तीच संध्याकाळची वेळ. साहेब म्हणाले, "आज तर अमावस्याही नाही." सकाळी गाडी पुन्हा शेडसमोर आली आणि दिवे पुन्हा लख्ख लागले. या खेपेला मामा माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि मी काय करतो ते बघू लागला. "तिथली जमीन ओली असती कदीकदी," तो मध्येच म्हणाला. "त्येचं काय असंल का?"

"भरावाची जमीन बारा महिने ओली असते," मी म्हटलं. "वायर जमिनीतून जात नाही, मामा. वरून जाते."

हे म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर काय होतं सांगू? मागच्या धुऱ्याच्या पलीकडे वायरींची जुडी धरून ठेवणारी एक पट्टी तुटली होती आणि जुडीला खाली झोळ पडला होता. त्या झोळाच्या तळाशी मी माघात केलेला सांधा होता. मी तो बोटांनी चाचपला. टेप घट्ट होती, टोक कुठे सुटलं नव्हतं. माझं काम होतं ते. ते मी उघडून कशाला बघू? पट्टी नंतर लावू म्हटलं आणि लिहिलं, 'दिवे ओके.'

तिसऱ्या वेळी, पुन्हा दोन आठवड्यांनी, मी वरवर बघितलं आणि सही केली. त्या दिवशी मला घाई होती. कसली ते आठवत नाही, म्हणजे ती महत्त्वाची नसणार.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी साहेबांनी मामाला बोलावलं. मीही तिथेच होतो. टेबलावर वही उघडी होती आणि माझ्या तीन सह्या एकाखाली एक. साहेब आवाज चढवून बोलले नाहीत. "तीनदा माल अडला," ते म्हणाले. "तीनदा हा तपासतो आणि तीनदा काही सापडत नाही. मी कोणावर विश्वास ठेवू? पुन्हा अशी तक्रार आली तर मी तुम्हाला ठेवू शकणार नाही. मला वाईट वाटतंय, पण हे असं आहे."

मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय लिवलंयस त्यात?" त्याने विचारलं.

"दिवे ओके," मी म्हटलं.

"तीनदा?"

"तीनदा."

"म्हंजे मी खोटा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. तो बाहेर गेला. फाटकापाशी मी त्याला गाठलं तेव्हा तो म्हणाला, "आता न्हाई तक्रार करणार. दोन पोरी हायत मला. दिवे असूंदेत, नसूंदेत, जाईन आपला."

काहीही झालं तरी न हलणारा माणूस आता मागे अंधार घेऊन हायवेवर जाणार होता, आणि ते माझ्या तीन सह्यांमुळे. मला त्याची कीव आली नाही, भीती वाटली. त्याच्यासाठीही आणि त्याच्या मागून येणाऱ्या कुणासाठीही.

त्या संध्याकाळी मी वहीतल्या तिन्ही तारखा एका सिगरेटच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला उतरवून घरी नेल्या. का, ते मला नीट सांगता येणार नाही. टेस्ट लॅम्प घेऊन मागे मागे जायची सवय होती आणि आता मागे जायला तेवढंच उरलं होतं. गाडी काय घेऊन आली होती, कुठून आली होती, पाऊस होता का, हे सगळं मी त्या तारखांपुढे लिहून बघितलं. काहीच जुळेना. जेवण झाल्यावर तो कागद कॅलेंडरखाली फळीवर ठेवून मी ओट्यावर जाऊन बसलो.

सकाळी बाबा चहाची बशी घेऊन कॅलेंडरसमोर उभे होते. कॅलेंडरची पानं मागे उलटून त्यांनी काहीतरी बघितलं, पुन्हा पुढे आणली. माझा कागद त्यांच्या हातात होता. अक्षरं त्यांना जड जायची, आकडे मात्र चांगले वाचता यायचे.

"ही उधानाची यादी कशाला केलीस रं?" त्यांनी विचारलं.

मी दात घासत होतो. तसाच तोंडात फेस घेऊन आत आलो.

"कसली यादी?"

"उधानाची. ही पारव्याच्या आदल्या दिशीची आमोशा. ही हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिशीची. ही परत आमोशा." त्यांनी बोटाने एकेक आकडा दाखवला. "तिन्ही टायमाला पानी मोठा व्हता. दुपारी भरला असंल."

मी तोंड धुतलंच नाही. खाली बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. यार्ड, करंजाचं झाड, वारा, मामा, सह्या. ते ऐकत होते आणि यार्ड नेमकं कुठे हे कळल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"तिथं तर मिठागर व्हता," ते म्हणाले. "मीठ काय आभालातून परायचा?"

मी म्हटलं, मी स्वतः ती जागा बघितली होती, माघात, दिवसाढवळ्या. कोरडी होती. मग त्यांनी मला जे सांगितलं ते कोळ्याच्या पोराला माहीत असायला हवं होतं, आणि खरं तर माहीत होतंही, कधीतरी, टेस्ट लॅम्प हातात येण्याआधी. "थंडीत मोठा पानी रातचा येतं," ते म्हणाले, "उन्हाल्यात दिसाचा." आणि त्यातही मी गेलो होतो तो दिवस अष्टमीचा की नवमीचा. खाडीत पाणी सर्वांत कमी चढतं ते दिवस. म्हणजे अख्ख्या वर्षातली सगळ्यात कोरडी दुपार निवडून मी मामाला जागा दाखवली होती. दुसऱ्या कुणी दाखवली असती तर मामाने चार लोकांना विचारलं असतं. मी कोळी, म्हणून त्याने विचारलं नाही.

पुढची पौर्णिमा चार दिवसांवर होती. त्या दिवशी लो-बेडवर एक ट्रान्सफॉर्मर चढायचा होता. बाबांनी हिशेब केला. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, वर पाऊण तास. बाराच्या ठोक्याला पाणी.

मी त्याआधी गाडीला हात लावला नाही. झोळ तसाच ठेवला. मला डोळ्यांनी बघायचं होतं.

ती दुपार मला अजून स्वप्नात दिसते. यार्डात चिटपाखरू नव्हतं. बाबा कळव्याच्या पुलावरून चालत आले होते, डोक्याला रुमाल, पायात काही नाही. मामा केबिनच्या पायरीवर बसला होता. मी त्याला एवढंच म्हटलं होतं की मामा, गाडी हलवू नका, मी बाराला येतो. त्याने मान हलवली होती. आम्ही तिघं करंजाच्या सावलीत बसून राहिलो.

आधी काहीच झालं नाही. मग चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये ओल दिसू लागली आणि बघता बघता ती ओल चमकायला लागली. आवाज नव्हता. लाट नव्हती. जमिनीतल्या बिळांतून बुडबुडे येत होते आणि पाणी कुठून येतंय ते कळायच्या आत ते मागच्या टायरांपाशी होतं. वैशाखाचं रणरणतं ऊन आणि त्यात ती बिनआवाजाची खाडी, अंगणात आलेल्या ओळखीच्या पाहुणीसारखी सहज पुढे सरकत होती. मामा उठून उभा राहिला. त्याने अशी दुपार कधी बघितलीच नव्हती, कारण या वेळी तो रोज झोपलेला असायचा आणि तो उठेपर्यंत पाणी गेलेलं असायचं. मागे फक्त ओली जमीन.

"निवटी!" बाबा एकदम म्हणाले.

चिखलात चालणारे ते छोटे मासे पाण्याच्या कडेने टुणटुण उड्या मारत गाडीखाली चालले होते. खाडीत आता काही उरलं नाही म्हणून ज्यांनी होडी विकली, ते माझे बाबा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून त्यांच्याकडे बघत होते. मी वर्षानुवर्षं त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. कामाच्या वेळी येतं तसं नाक शर्टाला पुसलं.

पाणी वायरींच्या झोळापर्यंत आलं. माझा सांधा त्यात बुडाला, टेपसकट.

"मामा," मी म्हटलं, "दिवे लावा."

तो केबिनमध्ये चढला. भर उन्हात मागचा दिवा लागलाय की नाही ते कळत नाही, म्हणून मी पाण्यात उतरून काचेवर दोन्ही हातांची ओंजळ केली. तळव्यांवर लाल उजेड पडला. मग तो हळूहळू मंद होत गेला. मी ओरडलो, "डावा!" वळायचा दिवा लागायच्या ऐवजी सगळेच दिवे एकदम धुगधुगले आणि ट्रेलरखालच्या सावलीतलं पाणी फिकट लाल झालं. पुन्हा काळं, पुन्हा लाल. मी ओरडलो, "ब्रेक!" आणि सगळंच गेलं.

मामा खाली उतरला. तो माझ्याकडे आला नाही. पाण्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "हेच. हेच व्हत होतं."

पाणी तास-दीड तासाने आलं तसं गेलं. मग मी चिखलात पाठ टेकून खाली शिरलो आणि माझ्या हाताने माझी टेप सोडली. आत तांबं नव्हतंच. हिरवागार लगदा होता आणि बोट लावलं की तार गळून पडत होती. घट्ट टेपेने खारं पाणी बाहेर ठेवलं नव्हतं, आत धरून ठेवलं होतं. रात्रभरात ते वाऱ्याने जेमतेम सुकायचं, तारेला तार कशीबशी टेकायची आणि सकाळी शेडसमोर सगळे दिवे लागायचे. 'ओके'.

मी नवी वायर ओढली, सांधा वर चासीच्या आत घेतला, कथलाचा डाग देऊन झाकला आणि तुटलेल्या पट्टीच्या जागी नवी पट्टी मारली. हे सगळं करायला दोन तास लागले. तीन महिन्यांपूर्वी पाच मिनिटं लागली असती.

माल चढवायच्या वेळी साहेब वही घेऊन यार्डात आले. मी त्यांना हिरवा सांधा दाखवला. बाबांनी त्यांना पाण्याचं सांगितलं. साहेब ऐकत राहिले. चेष्टा करतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी खिशातून पेन काढलं आणि बाबांना विचारलं, "पुढची मोठी पाणी कधी आहेत?" बाबांनी कॅलेंडरशिवाय, बोटांच्या पेरांवर मोजत, दिवाळीपर्यंतची सगळी सांगितली. साहेबांनी ती वहीच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक लिहून घेतली. बाबा त्यांच्या पेनाकडे टक लावून बघत होते. मग साहेबांनी यार्डाची ती बाजू रिकामी ठेवायला सांगितली आणि वही माझ्यापुढे धरली.

"‘वायरिंग दुरुस्त केले’ एवढं लिही," ते म्हणाले. "मागचं उकरत बसू नकोस. उगाच तुझ्या नावावर येईल. या ड्रायव्हरना मी ठेवतोय, काळजी नको."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. साहेब भले होते आणि वाट सोपी होती. मामाची नोकरी राहत होती, माझं नावही राहत होतं. मी पेन घेतलं. तेवढ्यात माझं लक्ष मामाकडे गेलं. तो मागच्या दिव्याच्या काचेवरचा चिखल स्वतःच्या शर्टाच्या टोकाने पुसत होता. वहीत काय लिहिलं जातंय ते त्याला वाचता येणार नव्हतं, आणि त्या वहीत तो तीनदा खोटा होता.

मी लिहिलं. लिहायला वेळ लागला, कारण मला तेवढं लिहायची सवय नव्हती. झोकदार सही नाही केली, साधी केली. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि पेन खिशात ठेवलं.

"काय लिवलंस?" मामाने विचारलं.

"वाचतो," मी म्हटलं. आणि वाचलं, "मागच्या तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या. दोष मी केलेल्या सांध्यात होता. मी तो न उघडता ओके लिहिले. ड्रायव्हरची काही चूक नाही."

मामाने हातातलं शर्टाचं टोक सोडलं.

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. माल चढवणारी माणसं हातातलं काम थांबवून बघायला लागली होती. साहेबांनी घड्याळात बघितलं. बाबा करंजाला टेकून उभे होते आणि त्यांच्या पायांवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. मी वही मिटली.

"मिटू नगं," मामा म्हणाला. "किती डाव खोटा ठरलो मी?"

"तीनदा."

"मग दोनदाच का वाचलंस?"

मी वही उघडली. पण तिसऱ्यांदा तिच्यात बघायची गरज नव्हती. त्याच्याकडे बघून मी सगळं म्हटलं.

मामा केबिनमध्ये चढला आणि त्याने दिवे लावले.